लेट्रोझोलमुळे सांधेदुखी, गोळी बदललेल्यांचा अनुभव हवाय

आई ६१ वर्षांची, ब्रेस्ट कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारा), ऑपरेशन आणि रेडिएशन झालंय, आता लेट्रोझोल २.५ एमजी (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) रोज एक चालू आहे. कॅन्सरसाठी गोळी चांगली आहे हे पटतंय पण सकाळी बोटं इतकी आखडतात की कणीक मळता येत नाही, जिना उतरताना गुडघे धरतात. गोळी रात्री घेऊन बघितली, रोज चालते, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू आहे, पॅरासिटामॉलने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. डेक्सा स्कॅनमध्ये हाडं थोडी कमजोर आलीत. थायरॉइड, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल. गोळी स्वतःहून बंद केलेली नाही आणि करणारही नाही, कृपया तसा सल्ला नको.

डॉक्टर म्हणाले अ‍ॅनास्ट्रोझोल १ एमजी किंवा एक्झेमेस्टेन २५ एमजी देऊन बघू. टॅमॉक्सिफेन २० एमजी नको म्हणाले कारण आईला पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली होती आणि त्या गोळीने तो धोका वाढतो. पुढच्या आठवड्यात ठरवायचंय.

ज्यांच्या घरी लेट्रोझोलवरून या दोन्हीपैकी एकावर गेलेत त्यांनी प्लीज सांगा, दुखणं खरंच कमी झालं का, किती दिवसांनी, आणि मध्ये गॅप दिला होता की दुसऱ्या दिवसापासूनच नवीन गोळी?