घरचा पूल: सातपैकी दोन कोणते घ्यावे?

मेधा, फोल्सम (सोमवार, रात्री 10:42)

नमस्कार मंडळी,

मागच्या अंगणात पूल बांधायला काढलाय. आराखडा झाला, टाइल्सवरून भांडणं झाली, आता सिटीच्या परमिटच्या अर्जात एक रकाना अडलाय. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे सात सुरक्षा उपायांपैकी किमान दोन करावे लागतात, त्यातले आपले कुठले ते लिहायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "दाराचा अलार्म आणि पाण्यातला अलार्म टाका, स्वस्तात काम होतं, इन्स्पेक्टर सही करून जातो." आमच्या घरच्यांचं म्हणणं, अंगणाला सहा फुटी लाकडी कुंपण आहेच, तो एक उपाय झाला, दुसरा एखादा अलार्म. आतून पूलभोवती उभी जाळी लावायचा विषय काढला तर "एवढा खर्च करून कोंबड्यांचं खुराडं बांधायचं का" असं उत्तर मिळालं.

मोठी सहा वर्षांची आहे, धाकटा अडीच. ऑगस्टमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत आणि दिवसभर धाकटा त्यांच्याकडेच असणार. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी सांगा ना. शुक्रवारी अर्ज द्यायचाय.

मेधा

प्रशांत, रोझव्हिल (सोमवार, रात्री 11:15)

आमच्याकडे मागे उघडणारी तीन दारं, तिन्हींना अलार्म. पहिल्या आठवड्यात कुत्रा, दुसऱ्या आठवड्यात बार्बेक्यू, तिसऱ्या आठवड्यात बॅटऱ्या ड्रॉवरमध्ये. खोटं कशाला बोलू.

अनघा, एल डोराडो हिल्स (मंगळवार, सकाळी 6:50)

मेधा, प्रशांतने एका ओळीत सांगितलं तेच मी लांबण लावून सांगते, कारण आमच्या घरी ते थोडक्यात निभावलं.

आमचा पूल 2009 चा. तेव्हाच्या कायद्याला एकच उपाय पुरत होता. 1998 पासून तसंच होतं, दोनचा नियम 1 जानेवारी 2018 पासून आला. नवा पूल असो की जुन्याच्या रिमॉडेलिंगचं परमिट, दोन्हीला तो लागू. आम्ही त्या वेळी अर्थातच सगळ्यात स्वस्त ते घेतलं, म्हणजे दाराचा अलार्म.

तीन वर्षांपूर्वी कोजागिरी आमच्याकडे होती. तुमच्यातले निम्मे तरी त्या रात्री होते. चाळीसेक माणसं, अंगणात शेगडीवर दूध, आत भेळ, सरकत्या काचेच्या दारातून सारखी ये-जा. दर वेळी भोंगा. दहा मिनिटांत कुणीतरी "अहो, बंद करा ते" म्हणालं आणि आमच्या ह्यांनी बंद केलं. त्यात त्यांची चूक तरी काय, मीच आधी वैतागले होते. पुढे अर्ध्या तासाने माझी जाऊ जास्तीच्या खुर्च्या आणायला शेडकडे गेली, तेव्हा तिला पूलच्या पलीकडच्या टोकाला एक पांढरा झब्बा दिसला. दोन वर्षांचं पोर उकिडवं बसून पाण्यात हात घालत होतं. पाण्यात चंद्र होता ना! रामाला हवा होता तसाच यालाही हवा होता. आई-बाप दहा पावलांवर, हातात दुधाचे पेले. जावेने मागून काखेत हात घालून उचललं, तेव्हा त्याने भोकाड पसरलं आणि मग सगळ्यांच्या माना वळल्या. त्याआधी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. घरात चाळीस माणसं असतील आणि एकाचंही लक्ष नसेल, त्या संध्याकाळी जो उपाय चालू राहील तो पहिला घ्यायचा. अलार्म माणसाला त्रास देतो, म्हणून माणूस तो बंद करतो. जाळी कुणाला हाक मारत नाही, नुसती उभी असते.

आता तुमचं सहा फुटी कुंपण. ते सातमध्ये धरत नाहीत. ते शेजाऱ्याच्या पोराला अडवतं. तुमचं पोर घरातून येणार, आणि कायद्याला पूल घरापासून तोडलेला हवा. म्हणजे घर आणि पाणी यांच्या मधोमध आडोसा. असं पक्कं कुंपण घालायचं तर त्याचीही मापं आहेत: उंची किमान 60 इंच, खाली जमिनीपासून फट 2 इंचांपेक्षा जास्त नको, आणि 4 इंच व्यासाचा चेंडू कुठूनही आरपार जाता कामा नये. आमचा इन्स्पेक्टर खरोखरच चेंडू घेऊन आला होता. फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, आपोआप मिटायला हवं आणि कडीही आपोआप पडायला हवी, तीही 60 इंचांच्या वर. बाहेर उघडण्यातली हुशारी माझ्या उशिरा लक्षात आली. कडी नीट पडली नसली तरी मुलाने अंग टाकून ढकललं की फाटक उलट मिटतंच.

आम्ही घेतली ती काढता येणारी जाळी. तो सातमधला वेगळा उपाय आहे, तिचं स्टँडर्ड एएसटीएम (मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) एफ 2286. पूलभोवतीच्या काँक्रीटच्या डेकमध्ये भोकं पाडून नळ्या बसवतात, त्यात खांब उभे करतात. आमची सुमारे 80 फूट लागली, बसवण्यासकट 2,100 डॉलर. (मेधा, भोकं पाडायच्या आधी डेकखालून गॅसची आणि विजेची लाइन कुठून जाते ते कॉन्ट्रॅक्टरकडून कागदावर लिहून घे. तोंडी नको.) काढता येते म्हणजे मोठ्यांची पार्टी असली की काढायची, असा आमच्या ह्यांचा बेत होता. तेवढं मी होऊ दिलं नाही.

पैसे असतील तर आपोआप सरकणारं कव्हर उत्तम. एफ 1346 हा आकडा बघून घ्यायचं, ते मोठ्या माणसाचंही वजन पेलतं. पण आमचा पूल वाटाण्याच्या शेंगेसारखा वाकडा आणि कव्हर ज्यावर सरकतं ते रूळ सरळ बाजूंच्या चौकोनी पूलला सोयीचे पडतात. तुझा अजून कागदावरच आहे, तेव्हा आत्ताच विचारून घे. नंतर बसवायला गेलं की भाव वेगळा होतो. पावसाचं पाणी त्याच्यावर साचू देऊ नकोस, त्यासाठी छोटा पंप ठेवतात. आणि तो निळा बुडबुड्यांचा प्लास्टिकचा पत्रा पाणी गरम ठेवायला असतो, कुणी त्याला कव्हर म्हणून खपवलं तर हसून सोडून दे. पोर त्याच्यावर पडलं तर त्याच्याखाली जातं.

दुसरा उपाय म्हणून अलार्म घ्यायला माझी हरकत नाही. दुसरा म्हणून.

अनघा

विक्रम, डेव्हिस (मंगळवार, दुपारी 12:20)

मुलाच्या मनगटाला बांधायचा अलार्म मिळतो, पाण्यात गेलं की बोंब मारतो. तो चालणार नाही का? कुंपणबिंपण काही नको.

अनघा, एल डोराडो हिल्स (मंगळवार, दुपारी 12:31)

नाही चालत. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अंगावर बांधायचा अलार्म या सातमध्ये मोजायचा नाही. पूलमध्ये बसवलेला चालतो, त्याचं स्टँडर्ड एफ 2208. आणि अडीच वर्षांच्या पोराच्या मनगटावर घड्याळसुद्धा किती वेळ टिकतं ते सांग मला.

स्मिता, सॅक्रामेंटो (मंगळवार, रात्री 9:05)

मी लहान मुलांच्या आयसीयूमध्ये नर्स आहे, म्हणून राहवत नाही. पेशंटबद्दल काही लिहिणार नाही, तेवढं समजून घ्या.

अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. आणि सिनेमात दाखवतात तशी धडपड, "वाचवा, वाचवा" हे काही नसतं. तोंड पाण्याखाली गेलं की ओरडायला श्वासच राहत नाही. "मी घरातच होते, काहीच ऐकू आलं नाही" हे अगदी खरं असतं. त्यामुळे "आवाज येईलच ना" यावर कुणी विसंबू नका.

इथले बालरोगतज्ज्ञ अनेक वर्षं एकच सांगतायत: चारी बाजूंनी कुंपण, घराची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही. पोहणं जरूर शिकवा, पण पोहता येतं म्हणून फाटक उघडं टाकू नका.

सासूबाईंनाही सीपीआर शिकवा. बुडालेल्याला नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो, आणि हे व्हिडिओ बघून हाताला येत नाही. मंडळाने एका शनिवारी वर्ग ठेवला तर मी बाहुल्या घेऊन येते. मराठीत समजावून सांगेन, आज्यांना संकोच नको.

पार्टीच्या दिवशी एका मोठ्या माणसाने पंधरा मिनिटं फक्त पाण्याकडे बघायचं, फोन खिशात. मग दुसऱ्याची पाळी. आमच्याकडे त्यासाठी गळ्यात शिट्टी असते. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याला कुणी वडा आणून देऊ शकतं, पण बोलण्यात गुंतवायचं नाही.

नितीन, एल्क ग्रोव्ह (बुधवार, सकाळी 8:12)

जरा वेगळा प्रश्न. आम्ही पूलवालं जुनं घर घेतोय. होम इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये लिहून आलंय की सातपैकी एकच उपाय आहे. विकणाऱ्याकडून दुसरा करून मागता येईल का? आणि पोरांसाठी दुकानातून दोन फूट खोलीचा तयार पूल आणून लॉनवर मांडायचा विचार होता, त्याला तर काही नको ना?

अनघा, एल डोराडो हिल्स (बुधवार, सकाळी 8:40)

रिपोर्टमध्ये ते लिहिणं इन्स्पेक्टरला बंधनकारक आहे, म्हणून आलं. करून मागणं हा घासाघिशीचा भाग, तुमचा एजंट बघेल. आणि नितीन, कायद्याचं माप दीड फुटाचं आहे. 18 इंचांपेक्षा जास्त पाणी धरणारा जमिनीवरचा पूलही पूलच. मांडण्याआधी सिटीला फोन कर. काही सिट्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. जुनं घर आहे तर एक आणखी बघ, तळाच्या ड्रेनची झाकणं. पाण्याच्या ओढीने माणसाला खेचून धरणार नाहीत अशी झाकणं आता मिळतात. त्यासाठीच्या 2007 च्या फेडरल कायद्याला व्हर्जिनिया ग्रेम बेकर या सात वर्षांच्या मुलीचं नाव दिलंय. जेम्स बेकर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते ना, त्यांची नात. हॉट टबच्या ड्रेनने तिला ओढून धरलं होतं.

मेधाच्या आयडीवरून सौ. आजी, सध्या वाई (बुधवार, सकाळी 9:30)

सर्वांस नमस्कार. सूनबाईने तुमची पत्रं मला व्हॉट्सअॅपवर पाठवली, उत्तर तिलाच सांगून लिहवून घेते आहे.

आमच्या वाड्यात चौकात आड होता. त्याला कमरेइतका दगडी कठडा. तरीही माझ्या सासूबाई दिवेलागणीला त्यावर फळ्या टाकून वर दगड ठेवायच्या. मी नवी नवरी, एकदा म्हटलं, कठडा आहे की. त्या म्हणाल्या, कठडा पोरांसाठी, फळ्या आपल्यासाठी, आपण विसरतो. म्हणजे दोनचा नियम आमच्याकडे तुमच्या आधीपासून होता म्हणायचं.

माझा मुलगा पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकला. पण तेव्हा घाटावर सगळं गाव असायचं. तिथे दुपारी मी आणि बाळ दोघंच. मला पोहता येत नाही. तेव्हा खुराडं दिसलं तर दिसू दे, जाळी लावा. दाराची कडी उंच लावली तरी चालेल, मात्र माझा उजवा खांदा वर जात नाही, डाव्या हाताने उघडेल अशी लावा.

मेधा, फोल्सम (शुक्रवार, दुपारी 4:55)

अर्ज दिला! आईंचं पत्र वाचल्यावर खुराड्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

रकान्यात लिहिलं: काढता येणारी जाळी, 5 फुटी, आणि घरातून पूलकडे उघडणाऱ्या दारांना आपोआप मिटणारी, 54 इंचांच्या वर कडी (फाटकाचं माप 60, दारांचं 54; हाही सातमधलाच उपाय). कडी डाव्या हाताची. पाण्यातला अलार्म वरून घेणार आहोत, तो तिसरा. कव्हरसाठी पूलचा आकार सरळ करून घेतला, बसवू ते पुढच्या वर्षी.

कुत्र्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराला खालची झडप होती, ती परवाच बंद करून टाकली. अडीच वर्षांचं पोर त्यातून सहज बाहेर जातं हे आम्हाला धाकट्यानेच करून दाखवलं, चड्डी न अडकता.

जाळी काळी घेतली. नमुना उभा करून पाहिला, काळ्यातून पाणी दिसतं, फिक्या रंगावर नजर अडते. जाळीवाला माणूस डेकवर चालत मोजत होता, कोपऱ्यातल्या वृंदावनापाशी थांबला आणि म्हणाला, हे इथून तीन-चार फूट लांब न्या, याच्यावर चढून पोरगं वर हात पोचवेल. खुर्च्या, कुंड्या, बर्फाचा डबा, सगळ्यालाच हे लागू. त्यामुळे तुळस आता गॅरेजच्या बाजूला गेलीय आणि तिथे ऊन जेमतेम दोन तास येतं. आई यायच्या आत ती तगवायची कशी, कुणाला ठाऊक आहे का?

स्मिताताई, वर्गासाठी आमचं नाव घाला. आम्ही चौघं आहोत.

मेधा