विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे कशावरून ठरवायचं?

नवी_विहीर
नव्या घरात येऊन तीन आठवडे झाले. आवारात विहीर आहे, मोटर बसवलेली, घरातल्या सगळ्या नळांना तिचंच पाणी. आधीचे मालक म्हणाले, "पंधरा वर्षं पितोय, कुणाला काही झालं नाही." पाणी खरंच नितळ आणि गोड आहे. फिल्टर विकणाऱ्याने मीटर बुडवून २१० दाखवलं आणि म्हणाला, "मस्त पाणी, पण आरओ लावाच." मस्त आहे तर आरओ कशाला? घरात चार महिन्यांचं बाळ आहे, वरच्या दुधावर. तपासायचं तर नक्की काय काय? प्रयोगशाळेची यादी बघूनच डोळे फिरले.

पोहरा
तो मीटर टीडीएसचा. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत, आर्सेनिक वेगळं ओळखता येत नाही. २१० म्हणजे पाणी खारट नाही, एवढाच अर्थ.

आणि गोडीवर तर अजिबात जाऊ नका. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात एक बाई साथ पसरवणाऱ्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापासून लांब राहत होत्या, पण तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून ते घरी मागवायच्या. त्याच पाण्याने गेल्या.

कोरडाठाक
एवढं कशाला? आमच्या तीन पिढ्या विहिरीवर वाढल्या. उकळून प्या, विषय संपला.

निवळी
पाणी तपासणीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उकळल्याने जंतू मरतात. खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन. पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं. वरच्या दुधावरच्या बाळासाठी नायट्रेट हाच मोठा प्रश्न. ते जास्त गेलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका सर्वांत जास्त. तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत दुधासाठी दुसरं खात्रीचं पाणी वापरा.

पूर्ण यादी लागत नाही. दरवर्षी कोलीफॉर्म आणि ई-कोलाय (हे जंतू), नायट्रेट, पीएच (आम्लता), टीडीएस. पहिल्या खेपेला आर्सेनिक आणि फ्लोराइडही करून घ्या, कारण ते खडकातूनच येतात आणि त्यांना ना रंग, ना वास, ना चव. जुने पाइप असतील तर शिसंसुद्धा, आणि त्याचा नमुना रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्याचा, सकाळची पहिली धार.

जंतूंचा नमुना मात्र उलटा. बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्या. आत पांढरी भुकटी किंवा गोळी असते, ती क्लोरीन मारण्यासाठी. घाण समजून विसळू नका (लोक विसळतात, आणि हौसेने विसळतात). टाकीच्या आधीचा नळ निवडा, त्याची जाळी काढा, तोंड ज्योतीने शेका, पाणी चार-पाच मिनिटं वाहू द्या आणि मग भरा. झाकणाच्या आत बोट नको. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. शुक्रवारी दुपारी तर घेऊच नका, बाटली दोन दिवस बंद दारासमोर बसून राहते.

गाळमुक्त
बाटली विसळणारा तो मीच. :) जुन्या नळाला हिरवट जाळी होती, तीही तशीच. रिपोर्ट खराब आला, मी अख्खी विहीर उपसून काढली. नंतर नीट नमुना दिला तर विहिरीत काहीच नव्हतं, घाण नळात होती.

रहाटगाडगं
"खोल बोअर मारा, चिंता मिटेल" असंही कुणीतरी सांगेल. बांगलादेशात जंतू टाळायला लाखो नलिकाकूप खोदले, आणि १९९३ मध्ये कळलं की कित्येकांत आर्सेनिक आहे. शेवटी हातपंप लाल-हिरवे रंगवावे लागले. जागा बदलली की तपासणी नव्याने.

नवी_विहीर
रिपोर्ट आला! ई-कोलाय सापडलाय. पण नायट्रेट लिटरला फक्त १४ मिलिग्रॅम, आणि मर्यादा ५० ना? एक काळजी तरी मिटली. आर्सेनिक, फ्लोराइड ठीक आहेत. आता कुठलं मशीन घेऊ?

निवळी
थांबा. १४ च्या पुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. "नायट्रेट" की "नायट्रेट, नायट्रोजन म्हणून"?

नवी_विहीर
नायट्रोजन म्हणून.

निवळी
मग ते नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन; पूर्ण नायट्रेटसाठी त्याला ४.४३ ने गुणा. ६२ झालं. जागतिक आरोग्य संघटनेची ५० ची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे; नायट्रोजन म्हणून मोजलं तर ती साधारण ११. बाळाला हे पाणी नकोच, उकळूनही नको. मोठ्यांनी सध्या उकळून प्या.

मशीन नंतर. आधी घाण येते कुठून ते शोधा. ई-कोलाय म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा, आणि १०० मिलीलिटरमध्ये तो एकही चालत नाही. जोडीला नायट्रेट असेल तर शोषखड्डा, उकिरडा किंवा शेतातलं खत यांपैकी काहीतरी. शोषखड्डा किती लांब आहे? १५ मीटर तरी हवा, जास्त तर उत्तमच.

नवी_विहीर
शेजारचा बारा पावलांवर आहे. आणि आज वाकून बघितलं तर कठड्याखाली बोटभर भेग, अंगणातलं पाणी तिथूनच आत झिरपतंय.

पोहरा
सापडला चोर. किंवा दोघांपैकी एक.

निवळी
भेग बुजवा, भोवती उताराचा ओटा करा, वर झाकण. मग विहीर, टाकी आणि पाइप ब्लीचिंग पावडरने धुवायचे. मात्रा पाण्याच्या घनफळावरून निघते, जाणकाराकडून काढून घ्या. क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर, आठ-दहा दिवसांनी पुन्हा नमुना. लगेच दिलात तर क्लोरीनमुळेच चांगला येईल.

नायट्रेट मात्र क्लोरीनने जात नाही. यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) फक्त जंतू मारतो, तोही पाणी गढूळ नसेल तरच. साध्या कोळशाच्या फिल्टरनेही नायट्रेट निघत नाही. शोषखड्डा हलवूनही आकडा उतरला नाही तर स्वयंपाकघराच्या नळाला आरओ, आणि त्यातून निघालेलं पाणीही तपासायचं. त्या विक्रेत्याने मशीन बरोबर सांगितलं होतं म्हणा, कारण मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

कोरडाठाक
आमच्या विहिरीचा नमुना उद्याच देतो. बाटली विसळणार नाही.

नवी_विहीर
भेग बुजली, ब्लीचिंग झालं. शेजारी आधी रागावले, मग त्यांनाही त्यांची विहीर आठवली. खड्डा हलवण्याचं बोलणं चालू आहे. दहावा दिवस शुक्रवारी येतो, म्हणून नमुना सोमवारी सकाळी देतेय.