स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुन्हा सेवेत येता येते का?

वरिष्ठ लिपिक, रत्नागिरी : मी २००२ मध्ये राज्य शासनाच्या सेवेत रुजू झाले. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंकडे पाहायला घरात कोणी नाही. आता निवृत्तिवेतन सुरू करून दोन वर्षांनी त्याच पदावर परतण्याची मुभा मिळेल का?

सेवानिवृत्त लेखाधिकारी : ताई, नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ नुसार २० वर्षांची अर्हताकारी (म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन निवृत्त होता येते. परंतु निवृत्तीची तारीख उलटली की धारणाधिकार, म्हणजे त्या पदावरचा आपला हक्क, संपतो. नोटीस मागे घ्यायची झाल्यास त्या तारखेआधी अर्ज करावा लागतो आणि त्याला नियुक्ती प्राधिकाऱ्यांची मंजुरी लागते. परतीची वाट एवढीच, आणि तीही अरुंद. पुढे कंत्राटी काम मिळाले, तरी ते जुने पद नव्हे.

सह्याद्री : मग आधी शिल्लक अर्जित रजा आणि गरज पडल्यास असाधारण (बिनपगारी) रजा मागावी, कारण रजेवर असताना पद आपलेच राहते.

वरिष्ठ लिपिक : अर्जित रजा बरीच शिल्लक आहे. रजेचा विचार मनात आलाच नव्हता!

सेवानिवृत्त लेखाधिकारी : तरीही सेवेच्या वर्षांचा हिशेब नीट आहे ना, हे पाहायला सेवापुस्तक (नोकरीची अधिकृत नोंदवही) एकदा उघडून पाहा. माझ्या पुस्तकात एका बदलीनंतरच्या सात महिन्यांच्या सेवापडताळणीवर सहीच नव्हती, आणि त्या एका सहीसाठी जुन्या कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या.