मदत हवी आहे: एकाच डिव्हाइसमध्ये जाड-बारीक दोन्ही स्टिक कशा चालवायच्या?

रखडलेला_रोधक
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो कारण शुक्रवारी डेमो आहे आणि तीन दिवस झाले डोकं चालेना. तंबाखू न जाळता नुसती तापवणारं डिव्हाइस करतोय, कुठलीही स्टिक घातली तरी त्याने आपलं आपण ओळखून तापमान बदलावं असं साहेबांचं म्हणणं. 240 डिग्रीला जाड स्टिक झकास चालते, बारीक घातली की वाफच नाही. 280 केलं की बारीक चालते पण जाड करपते, खोलीभर जळका वास. पीआयडी (तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा कंट्रोल) ट्यून करून करून वैतागलो. काय चुकतंय? आणि प्लीज "सिगारेट सोडा" म्हणू नका, मी ओढत नाही, हे पोटापाण्याचं आहे.

तेंदूपत्ता
सिगारेट सोडा. :)

ओमकाका
हीटर कुठला? सेन्सर कुठे लावलाय? नळीचा आतला व्यास? पत्रिका न दाखवता लग्न कधी जमेल असं विचारताय तुम्ही.

इंडक्शनवाली
काका, एवढी चौकशी कशाला, सरळ इंडक्शन करा म्हणावं, म्हणजे कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने आतला धातू तापवायचा. 2014 ला नागोया आणि मिलानमध्ये पहिलं आयकॉस (असंच तंबाखू तापवणारं डिव्हाइस) आलं तेव्हा आत पातं होतं, 350 पर्यंत तापणारं, स्टिक त्यात खुपसायची. 2021 च्या त्यांच्याच इलुमा मॉडेलमध्ये पातंच काढून टाकलं, धातूची पट्टी स्टिकच्या पोटात आणि कॉइल बाहेर. पट्टी नसेल तर तापणारच नाही, ओळखायचा प्रश्नच मिटला.

ओमकाका
मिटला कसा? त्यांना "कुठलीही" स्टिक हवीये, तुझ्या उपायात पट्टीवाली सोडून एकही चालणार नाही.

इंडक्शनवाली
नळीच स्टीलची ठेवून ती कॉइलने तापवायची की. दरवेळी माझंच चुकतं का हो?

ओमकाका
मग ते बाहेरून तापवणंच झालं, ओळखायचा प्रश्न परत तिथेच. चुकतं असं नाही, घाई होते.

कलम_कसाई
सगळे हुशार लोक, पण एकानेही हे सांगितलं नाही: भारतात 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्याच्या व्याख्येत "हीट नॉट बर्न" स्पष्ट लिहिलंय. नुसती विक्री नाही, उत्पादन, आयात, निर्यात, साठवण, जाहिरात सगळं बंद. साठवण सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. डेमो कुठे आहे ते आधी सांगा.

रखडलेला_रोधक
अरे हो, राहिलंच. मी नागोयात असतो, इथे हे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं त्यामुळे सांगायचं सुचलंच नाही. काका, नळी स्टीलची, आतून 7.4 मिमी, बाहेरून फिल्म हीटर गुंडाळलाय. तापमान मोजायला थर्मिस्टर (तापेल तसा रोध कमी होणारा सेन्सर) 100 के म्हणजे एक लाख ओमचा, नळीला बाहेरून कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) चिकटवलाय. जाड स्टिक 7.2 ची आणि बारीक साधारण 5.4 ची. आणि साहेबांना आता साधी सिगारेट पण चालायला हवीये.

तेंदूपत्ता
बिडी चालेल का त्यात? सिरियसली विचारतोय, आमच्याकडे आजोबा सुटायचं नाव घेत नाहीत.

ओमकाका
बघा, आता कसं बोललात. 7.4 च्या नळीत 5.4 ची कांडी म्हणजे चारी बाजूंनी मिलिमीटरभर हवा. हवा म्हणजे गोधडीच ती. तुमचा सेन्सर नळीचं तापमान सांगतोय, तंबाखूचं नाही, त्यामुळे पीआयडी बिचारा 240 प्रामाणिकपणे पाळतोय आणि आत बारीक स्टिक कुडकुडतेय. पीआयडी सोडा, आधी बारीक स्टिकसाठी आत एक स्लीव्ह (बारीक आतली नळी) घाला नाहीतर स्प्रिंगच्या पाकळ्या लावून तिला भिंतीजवळ आणा. आणि ती कॅप्टॉन टेप साधारण 260 पर्यंतच टिकते, 280 ला गोंद सुटला की सेन्सर उचलला जातो आणि मग तो काहीही बरळतो.

खमंग_शेंगदाणा
साध्या सिगारेटचं वेगळं आहे पण. या स्टिकमध्ये तंबाखूचा पुन्हा बनवलेला पापुद्रा असतो आणि त्यात ग्लिसरीन, दिसते ती वाफ बरीचशी त्याची. साध्या सिगारेटीत बहुतांशी कोरडी कापलेली तंबाखू, 240 ला वास येईल पण ढग येणार नाही. साहेबांना ढग हवा असेल तर तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. जपानात लोक साधी सिगारेट कापून व्हेपोरायझरमध्ये भरतात, पण त्यांची अपेक्षाही तेवढीच असते.

रखडलेला_रोधक
स्लीव्ह नको म्हणतायत, "युजरला काही करायला लागू नये". म्हणून मी सुरुवातीचे तीन सेकंद पॉवर कायम ठेवून तापमान किती भरभर चढतं ते मोजत होतो, भिंतीला टेकलेली जाड स्टिक उष्णता ओढते म्हणून सावकाश चढायला हवं. पण दोन्हींचे आकडे जवळपास सारखेच, आणि वर गेलं की वाचन पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारतं.

ओमकाका
थांबा. थर्मिस्टरच्या जोडीला लावलेला पुल-अप रेझिस्टर कितीचा आहे?

रखडलेला_रोधक
100 के. खोलीचं तापमान मोजायचं जुनं सर्किट होतं, तेच उचललं.

ओमकाका
अहो मग काय! तुमचा थर्मिस्टर 250 ला दोन-तीनशे ओमवर येतो. 100 के पुल-अपवर 12 बिटात, म्हणजे मोजणीच्या 4096 पायऱ्यांत, ते जेमतेम 10-12 काउंट (पायऱ्या), म्हणजे एका काउंटला सहा-सात डिग्री. तुम्ही चढ मोजत नाही, जिना मोजताय. 4.7 के लावा, डिग्रीला तीनेक काउंट मिळतील.

इंडक्शनवाली
हे मात्र मान्य. +१. पण इंडक्शन असतं तर...

कलम_कसाई
सामानातून एखादं भारतात घेऊन येता येईल का असं व्यनि (खाजगी निरोप) करून विचारणाऱ्यांसाठी: नाही, आयात म्हणजे आयातच. मला व्यनि करू नका.

रखडलेला_रोधक
काका, साष्टांग नमस्कार. 4.7 के लावला, टेप काढून थर्मिस्टर पातळ तारेने बांधला. आता बारीक स्टिक पहिल्या तीन सेकंदांत स्पष्ट भरभर चढते, जाड मागे राहते, दहातल्या नऊ वेळा बरोबर ओळखतंय. दहावी चुकते ती एकामागोमाग दुसरी लावली की, नळी आधीच गरम असते. सुरुवातीचं तापमान धरून आकडा दुरुस्त करून बघतो आज रात्री. साध्या सिगारेटचं साहेबांना कसं सांगायचं तेवढं कोणीतरी लिहून द्या, जपानीत चालेल.

तेंदूपत्ता
बिडीचं राहिलंच.