नांगर हलका नव्हे, साखळी तोकडी

भाड्याने घेतलेली बोट नांगर टाकलेला असतानाही रात्री सरकली, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीने नांगर हलका दिला, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. खलाशांशिवाय भाड्याने घेतलेल्या बोटीवर बहुतेक वेळा कमी पडते ती बाहेर सोडलेली साखळी. 'खोलीच्या तिप्पट साखळी' हा हिशोब दुपारच्या थांब्यापुरता चालेल. रात्रीसाठी पाचपट धरा, वारा वाढणार असेल तर सातपट. मुळात खोलीच चुकते. खोलीमापक पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की कीलच्या (बोटीच्या बुडाखालच्या कण्याच्या) तळापासून, हे बोट ताब्यात घेतानाच विचारायला हवं. कीलखाली ५ मीटर दिसत असेल आणि बोट २ मीटर बुडत असेल तर खोली ७ मीटर. त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची दीड मीटर मिळवा, म्हणजे साडेआठ. पाचपट केली की साधारण ४३ मीटर. भरतीने वाढणारं पाणी यात धरलेलं नाही. १५ मीटर सोडून झोपलेल्याचा नांगर वाऱ्याच्या पहिल्या झोताला उचलला जाणारच!

साखळीवर दर किती मीटरला रंगाची खूण आहे आणि विंडलासचा (साखळी ओढणाऱ्या यंत्राचा) ब्रेकर, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, कुठे आहे, हेही बोट ताब्यात घेतानाच बघून घ्या. नांगर ओढताना इंजिन चालू ठेवा आणि बोट हळू पुढे घ्या. विंडलासने बोट खेचायला गेलं की ब्रेकर पडतो. नांगर टाकल्यावर रिव्हर्सचा जोर हळूहळू वाढवून अर्धा मिनिट ताण द्या, आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत स्थिर राहतात का ते पाहा. ताण साखळीवरून स्नबर दोरावर (धक्के झेलणाऱ्या लवचिक दोरावर) घ्यायला विसरू नका, विंडलास त्या धक्क्यांसाठी बनवलेला नसतो.