ट्रॅक्टर बॅकहो: उजवीकडे स्विंग ठीक, डावीकडे रखडतो. पंप गेला का?

देपालपूर बॅकहो (इंदूर)
नमस्कार मंडळी. ट्रॅक्टरला जोडलेला बॅकहो (खोदायचा हात) आहे, पंप पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर), स्विंगला, म्हणजे बूम डावी-उजवीकडे फिरवायला, दोन सिलिंडर. देपालपूर-बेटमा भागात शेतातल्या पाइपलाइनसाठी नाल्या खोदायची कामं घेतो. हल्ली बूम उजवीकडे नेहमीसारखा फिरतो, डावीकडे मात्र रखडत जातो. लिव्हर पूर्ण दाबला तरी वेग तेवढाच. बूम उचलणं, डिपर (बूमपुढचा हात), बकेट, टेकूचे पाय सगळं झकास चालतंय. ऑइलची पातळी बरोबर आहे, फिल्टर नवा टाकलाय. एका मिस्त्रीने बघून सरळ सांगितलं, पंप गेलाय, बदला. सोयाबीन निघालं की गव्हाच्या पेरणीआधी पाइप टाकून घ्यायची इकडे सगळ्यांना घाई असते, मशीन उभी ठेवून चालणार नाही. पण एवढा खर्च करायच्या आधी विचारतो, खरंच पंप असेल का?

बडोदेकर
पंप नाही. तोच पंप बूम उचलतोय, तोच उजवीकडे फिरवतोय. तो थकला असता तर आधी बूमने तक्रार केली असती. स्विंगचा स्पूल (वॉल्व्हमधली सरकती दांडी) दोन्हीकडे सारखा सरकतो का ते पट्टी लावून मोजा. लिव्हरची जोडणी वाकली किंवा पिन झिजली की एका बाजूला स्पूल पूर्ण उघडतच नाही. याला पैसे लागत नाहीत.

सांवेर रोड वर्कशॉप (इंदूर)
बडोदेकरांचं बरोबर आहे, पंपाला हात लावू नका. स्पूल मोजाच. पण त्याच्याही आधी एक सांगा: डावा स्विंग हळू आहे की कमजोर आहे? दोन्हीला लोक ‘स्विंग मरतोय’ म्हणतात, आणि तिथेच पैसा चुकीच्या जागी जातो. हळू म्हणजे बूम सावकाश जातो, पण भरलेली बकेट घेऊन चढाकडेही तसाच जात राहतो. कमजोर म्हणजे चढ लागला की अडतो. हळू असेल तर ऑइलची वाट कुठेतरी तुंबलीय. कमजोर असेल तर ऑइल कुठूनतरी निसटतंय.

किंचित आडव्या उतारावर, डावी बाजू चढाची येईल असा ट्रॅक्टर लावा. पाय नीट रोवा, भरलेली बकेट जमिनीलगत ठेवा आणि मधल्या पट्ट्यात फिरवून बघा. अगदी टोकाला तपासू नका, तिथे जोर तसाही कमी पडतो. बकेटची बाजू भिंतीला लावून रेटून बघायची काहींना सवय असते. ते कृपा करून नको, किंगपोस्टच्या (बूम ज्यावर फिरतो त्या खांबाच्या) पिना आणि बुश त्यातच जातात.

आणि सील किट इतक्यात आणू नका. तुमचे दोन सिलिंडर उलटसुलट जोडलेले असतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. ८० मिमी बोअर (आतला व्यास) आणि ४० मिमी रॉड धरला तर १५० बारला ढकलण्याचा जोर सुमारे ७.७ टन, ओढण्याचा ५.८ टन. दोन्ही बाजूंना बेरीज तीच येते. म्हणून एका पिस्टनचं सील फाटलं तरी स्विंग दोन्हीकडे ढिला पडतो. एकच बाजू बिघडली की माझी नजर आधी होज आणि वॉल्व्हकडे जाते.

देपालपूर बॅकहो (इंदूर)
काका, बांधाजवळच्या उतारावर करून बघितलं. चढाकडे रखडतो, पण थांबत नाही. स्पूल दोन्हीकडे सारखा सरकतोय. डावीकडे फिरवताना इंजिनचा आवाज जड होतो, उजवीकडे नाही.

सांवेर रोड वर्कशॉप (इंदूर)
मग वाट तुंबलीय, आणि तीही परतीची. बऱ्याच मशीनमध्ये स्विंगच्या होजच्या तोंडाशी बारीक छिद्राचा एकेरी रिस्ट्रिक्टर असतो. आत जाणारं ऑइल तो मोकळं सोडतो, बाहेर येणारं रोखून धरतो, त्यामुळे बूम आवाक्यात राहतो. डावीकडे फिरताना ज्या होजमधून ऑइल वॉल्व्हकडे परत येतं, तिचं तोंड खोला. होजवर आधी खुणा करा.

खोलण्यापूर्वी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब काढलेला. नट थोडा ढिला करून थांबा, मग पुढे. कुठे बारीक फवारा दिसला तर तिथे बोट नेऊ नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाचं ऑइल कातडीतून आत शिरतं. बाहेरून सुई टोचल्यासारखं दिसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. छिद्र साफ करा, पण ड्रिलने मोठं करू नका.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
मध्येच विचारतो. माझा बूम लिव्हर सोडल्यावर हातभर पुढे सरकतो, फक्त उजवीकडे फिरवताना.

सांवेर रोड वर्कशॉप (इंदूर)
तुमच्याकडे स्विंगच्या दोन शॉक वॉल्व्हपैकी (धक्क्याचा जादा दाब सोडणारे) एक लवकर उघडत असावा. दोन्ही एकाच सेटिंगचे असतील तर अदलाबदल करून बसवा. दोष डावीकडे गेला तर वॉल्व्हच बदला. त्याचा स्क्रू अंदाजाने पिळू नका, दाब गेज लावूनच ठरवायचा.

देपालपूर बॅकहो (इंदूर)
सापडलं! रिस्ट्रिक्टरच्या छिद्रावर नखाएवढा काळा रबरी तुकडा बसला होता. एक कड कापल्यासारखी सरळ, दुसरी चिंध्या झालेली. होजमध्ये बोट घातलं तर आतलं अस्तर सुटून पापुद्र्यासारखं लोंबत होतं. देवास नाक्यावरून नवी होज क्रिंप करून आणली. आता दोन्हीकडे सारखा फिरतो. पंप वाचला, काका!

सांवेर रोड वर्कशॉप (इंदूर)
छान झालं. जोडीची दुसरी होजही त्याच वयाची असणार, तीही बदला. बसवण्याआधी आतून हवा मारा, कापताना पडलेला रबराचा भुसा तिथेच असतो. आणि थोडं काम झालं की रिटर्न फिल्टर खोलून बघा. त्यात काळे कण दिसले तर स्विंगचा स्पूलही काढून पुसावा लागेल, तेव्हा मशीन इकडे घेऊन या.