'शिप ब्रेकर' तेरा वर्षांच्या मुलीला द्यावी का?

खलाशी_मामा :
भाचीने सुट्टीत वाचायला काहीतरी थरारक मागितलं, मी पाओलो बाचिगलुपीची 'शिप ब्रेकर' दिली. ताईने चार पानं चाळली आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये. चुकलं का माझं?

कादंबरी २०१०ची, इंग्रजी. समुद्र वर चढलाय, वादळं वाढलीत, तेलाचे दिवस सरलेत. अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्यावर जुनी तेलवाहू जहाजं गंजत पडलीत आणि नेलर नावाचा पोरगा त्यांच्या अरुंद नळ्यांतून सरपटत तांब्याच्या तारा काढतो. अंगाने वाढला की काम गेलं, नळीत मावणार कसा? एकदा तो जहाजाच्या पोटात साचलेल्या तेलात पडतो. धरायला काही नाही. टोळीतली स्लॉथ त्याला बघते. तिने माणसं आणली तर तो वाचेल, पण मग तेलाचा साठा तिचा एकटीचा राहणार नाही. ती निघून जाते. मी पन्नाशीचा, तरी तिथे पुस्तक मिटून दोन मिनिटं बसलो.

दोन_पिल्लांची_आई :
ताईंचंच बरोबर आहे. नशेत पोराला मारणारा बाप, जिवावर उठलेली सोबतीण, वर अंगठ्यांसाठी एका मुलीची बोटं कापायला काढलेला सुरा! माझा मुलगा हवामानबदलाच्या बातम्या ऐकून रात्री विचारतो, आपलं घर बुडेल का? त्याच्या हातात आणखी हे देऊ?

खलाशी_मामा :
बोटांचा प्रसंग तुम्ही अर्ध्यावर सोडलात. वादळात फुटलेलं श्रीमंतांचं शिडाचं जहाज, आत मेलेली वाटणारी मुलगी. नेलरची मैत्रीण पीमा सुरा लावते आणि मुलीचे डोळे हलतात. आता नेलर स्लॉथच्या जागी उभा आहे. तिला मरू दिलं तर जन्माचं दारिद्र्य फिटेल. हा पेच तेराव्या वर्षी नाही वाचायचा तर कधी?

शुद्धलेखन_पोलीस :
नैतिक पेच वगैरे ठीक, पण उत्तरार्धाचं काय? बुडालेल्या ऑर्लिन्स शहरानंतर नुसता पाठलाग. टूल हा अर्धमानव, म्हणजे माणूस आणि प्राण्यांचा संकर, सगळ्यांत भारी पात्र, तोच मध्येच चालता होतो. या पुस्तकाला २०११चं प्रिंट्झ, म्हणजे किशोरसाहित्याचं अमेरिकन पारितोषिक, मिळालं, हे मला अजून पचलेलं नाही.

गंजलेला_नांगर :
'भविष्य' म्हणून घाबरताय ते ठीक, पण जहाजं फोडण्याचं काम आजही चालतं. गुजरातेत अलंगला, बांगलादेशात चितगावजवळ भरतीच्या पाण्यावर जहाज थेट किनाऱ्यावर चढवतात आणि माणसं गॅस कटरने त्याचे तुकडे करतात. मुलांना हे कळलेलं बरं.

दोन_पिल्लांची_आई :
मग अलंगवरचा लेख द्या की! माहिती मिळेल, झोपही उडणार नाही. माझा आक्षेप पुस्तकाला नाही, वयाला आहे. सोळाव्या वर्षी खुशाल वाचू दे.

गंजलेला_नांगर :
लेख वाचून कुणी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसत नाही हो.

खलाशी_मामा :
ताजी खबर. पुस्तक ताईने जप्त केलंय. काल रात्री दीड वाजता तिचा मेसेज : 'बोटं कापतात का रे? तेवढं सांग, झोपते.' मी अजून उत्तर दिलेलं नाही.